प्रत्येकाने वेगळाच गेम खेळलाय, मग मतं कशी वाचायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एकट्याने अडीच वर्षं खपून जुन्या आठ-बिट धाटणीचा साहसी गेम केला आहे. गुहा, तळघरं, बोगदे दर वेळी नव्याने तयार होतात आणि मेलं की पहिल्यापासून सुरुवात. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (म्हणजे पूर्ण होण्याआधीच गेम विक्रीला ठेवून) दोनशेच्या आसपास रिव्ह्यू आले, ते एकमेकांना पार छेद देणारे. एक म्हणतो, ऐंशी तास झाले, अजून नवं सापडतंय. दुसरा म्हणतो, तासाभरात सगळं पाहून झालं. तिसऱ्याला हा निव्वळ नशिबाचा खेळ वाटतो, आणि चौथ्याच्या मते पिक्सेल आर्ट, म्हणजे ठळक चौकोनी ठिपक्यांची चित्रं, हा आळस. तुम्ही विचारताय की यातलं कोणाचं ऐकू, आणि जनरेटर (नकाशे आपोआप तयार करणारा कोड) गुंडाळून ठेवून लेव्हल हाताने बनवायला घेऊ का.

मी तेरा वर्षं नकाशे तयार करणारा कोड लिहिते आहे, आणि त्यातला निम्मा वेळ खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाचण्यात गेला आहे. माझ्या मते खरी अडचण ‘कोणाचं ऐकू’ ही नाहीच. तुमच्या दोनशे लोकांनी एकच गेम खेळलेला नाही. प्रत्येकाला वेगळा सीड मिळाला, म्हणजे ज्या आकड्यावरून जनरेटर नकाशा उभारतो तो आकडा. पहिल्याला दुसऱ्याच खोलीत धनुष्य सापडलं, दुसऱ्याला सलग सहा खोल्या रिकाम्या लागल्या. दोघंही खरंच बोलताहेत, फक्त वेगवेगळ्या नकाशांबद्दल बोलताहेत.

१९८२ साली अटारी २६०० या गेमयंत्रावर आलेला डेव्हिड क्रेन यांचा ‘पिटफॉल!’ आठवून बघा. अवघ्या ४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये जंगलाचे २५५ पडदे होते. ते एकेक करून साठवायला जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक पडदा आठ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १) एका आकड्यातून उलगडायचा. त्यातले काही बिट झाडांची मांडणी ठरवायचे, काही जमिनीवर खड्डा की डबकं ते, काही समोर ओंडका येणार की साप ते. उजवीकडे गेलं की ठरलेल्या नियमाने पुढचा आकडा, डावीकडे वळलं की तोच नियम उलटा. म्हणजे जंगल गणितातून उगवलेलं, पण प्रत्येक घरात तेच उगवलेलं. कोणी म्हटलं की अमुक ठिकाणी मगरींच्या डोक्यावरून उडी जमत नाही, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती जागा यायची. तुमच्या खेळाडूंच्या पायाखाली अशी सामाईक जमीन नाही. मतं वाचताना होणारा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

आता काही गोष्टी तुमच्या गेमच्या घडणीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हीच पडताळून घ्या. एक रन, म्हणजे सुरुवातीपासून मरेपर्यंतचा एक डाव, वीस मिनिटांची असेल तर वाईट नकाशा लोक पचवतात, कारण पुढचा लगेच मिळतो. तीच रन तीन तासांची असेल आणि अडीचाव्या तासाला अन्याय झाला, तर माणूस गेम काढूनच टाकतो. मेल्यानंतर खेळाडूकडे काही उरतं का, हाही मोठा फरक आहे. पुढे जे सांगते आहे ते वीस ते पन्नास मिनिटांच्या रन धरून, कारण माझं बहुतेक काम तिथलं आहे.

सगळ्यात आधी मतांचे ढीग करा, आणि ते चांगली-वाईट असे न करता तासांनुसार करा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक रिव्ह्यूपाशी तो लिहिताना किती तास खेळून झाले होते हे दिसतं. रिफंडची अट तुम्हाला माहीत आहेच: खरेदीनंतर चौदा दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ. त्यामुळे दोन तासांच्या आत लिहिणारा माणूस ‘ठेवू की परत करू’ याच विचारात असतो. त्याचं मत तुमच्या पहिल्या चार-पाच रनबद्दल असतं, जनरेटरमध्ये एकूण किती काही दडलंय त्याबद्दल नसतं. दोन ते पंधरा तासांवाल्यांना गेम कळला आहे आणि अजून सरावाने त्याचे कंगोरे बोथट झालेले नाहीत. मी सगळ्यात जास्त वेळ या ढिगाला देते. पंधराच्या पुढचे लोक तुमचे मित्र आहेत, पण ते कठीणपणा वाढवायला सांगणार आणि सुरुवातीचं सगळं ‘सोपं आहे’ म्हणणार. त्यांच्या बोटांना ते सोपंच आहे.

दुसरं काम एका दुपारचं आहे. मेल्यावर जो पडदा येतो त्यावर सीड आणि गेमची आवृत्ती छापा आणि एका बटणाने दोन्ही कॉपी होऊ द्या. हे केलं की ‘एका खोलीत अडकलो’ या हवेतल्या तक्रारीला पत्ता मिळतो. त्या पत्त्यावर तुम्ही स्वतः जाऊन उभे राहू शकता.

पत्ता मिळाल्याने काय होतं ते एका प्रसंगावरून सांगते. अशाच एका गेमवर काम करत असताना दुसऱ्या गुहेबद्दल ‘अन्याय’ हा शब्द वारंवार यायला लागला. नवखे लोक घाईत मरत असतील असं मी धरून चालले होते. मग एकाने सीड पाठवला, ४०४१७. मी तो चालवला. शिडीवरून उतरलं की समोर चार टाइलांची (नकाशा ज्या चौकोनांचा बनतो त्या चौकोनांची) फट, खाली काटे. पात्राची उडी साडेचार टाइलांची, म्हणजे फट आरामात पार होते. पलीकडे छताला वटवाघूळ टांगलेलं. तुम्ही सहा टाइलांच्या आत आलात की ते झेपावतं, तलवारीच्या एका फटक्यात मरतं. फट एकटी असती तर काही अडचण नव्हती, वटवाघूळ एकटं असतं तरी नव्हती. पण दोन्ही शेजारी आल्यावर वटवाघूळ नेमकं उडीच्या मध्यावर अंगावर यायचं. हवेत तलवार चालत नव्हती. धक्का बसला की पात्र एक टाइल मागे फेकलं जायचं आणि थेट काट्यांवर पडायचं. त्यात भर म्हणजे कॅमेरा असा होता की उडी मारेपर्यंत ते वटवाघूळ पडद्यावर यायचंच नाही. जगातला सर्वांत तरबेज खेळाडूही तिथे पहिल्या वेळी मेला असता.

लोक सांगत होते, वटवाघळाची ताकद कमी करा. ती कमी केली असती तर बाकी सगळ्या खोल्यांमधली वटवाघळं नकोशी मवाळ झाली असती आणि ती फट तशीच राहिली असती. आम्ही एकच नियम घातला: तीन टाइलांपेक्षा रुंद फट असेल तर तिच्या पलीकडच्या सात टाइलांत छताला काहीही टांगायचं नाही. ती तक्रार बंद झाली. दुखतंय कुठे हे खेळणारा अगदी नेमकं सांगतो, तिथे त्याच्यावर शंभर टक्के विश्वास ठेवा. औषध मात्र तुम्हालाच शोधावं लागतं, कारण आतली जुळणी फक्त तुम्हाला दिसते.

म्हणून ‘अन्याय’ हा शब्द दिसला की मी एकच प्रश्न विचारते: मरण्याआधी खेळाडूला ते कळायची काही सोय होती का? असेल तर तो कठीणपणा आहे, राहू द्या. नसेल तर तो दोष आहे. हाताने बनवलेल्या लेव्हलमध्ये असा दोष एकदा सापडला की कायमचा जातो. जनरेटरमध्ये तो दोन निर्दोष वस्तूंच्या शेजारात लपलेला असतो, त्यामुळे एकेक वस्तू तपासून हाती लागत नाही.

‘सगळं नशिबावर आहे’ ही तक्रार वेगळी. तिचं मूळ बहुधा फाशाच्या स्वभावात असतं. खऱ्या यादृच्छिक आकड्यांमध्ये सलग सहा रिकाम्या खोल्या येणं अगदी स्वाभाविक आहे, पण माणसाला तो डाव वाटतो. आजच्या टेट्रिसमध्ये सातही तुकडे जणू एका पिशवीत घालून हलवतात, पिशवी रिकामी झाली की पुन्हा भरतात. त्यामुळे लांब तुकडा कधी येईल हे नक्की माहीत नसतं, पण तो फार काळ येणारच नाही असं होत नाही. तुमच्या खजिन्याच्या पेट्यांना हीच पिशवी लावा. हत्यार, औषध, चावी, रिकामी, असे बारा-पंधरा जिन्नस घालून हलवा. सरासरी तीच राहते आणि टोकाचे नकाशे निघून जातात. मात्र पिशवी फार लहान ठेवू नका, नाहीतर लोक मोजायला लागतात.

आता ज्या तक्रारीने तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं असेल तिच्याकडे येते: ‘सगळं सारखंच’. या प्रकारच्या गेमचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात अवघड आजार आहे. २०१६ साली ‘नो मॅन्स स्काय’ आला तेव्हा त्यात १८ च्या पुढे अठरा शून्यं एवढे ग्रह होते, तरी सुरुवातीच्या खेळाडूंची मोठी तक्रार तोचतोचपणाची होती. संशोधक केट कॉम्प्टन यांनी यासाठी दिलेला दृष्टांत माझ्या मनात घट्ट बसला आहे: ओट्सच्या लापशीचे दहा हजार वाडगे. प्रत्येक वाडग्यात दाणे वेगळ्या जागी पडलेले, गणिताने पाहिलं तर एकही दुसऱ्यासारखा नाही, आणि खाणाऱ्याला मात्र दहा हजार वेळा लापशीच. याच्या उलट १९८४ चा ‘एलिट’ बघा. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांच्या पद्धतीतून अब्जावधी आकाशगंगा निघू शकत होत्या, पण गेममध्ये आठच ठेवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रहमंडलं. एवढी संख्या माणसाच्या मनात मावते. तिथल्या जागांची नावं लोकांच्या लक्षात राहिली.

तुमचा पहिला विचार असेल की खोल्यांचे साचे वाढवावेत. मीही तेच केलं होतं. साठ साच्यांचे एकशे ऐंशी केले, चार महिने घालवले, आणि तक्रार जिथल्या तिथे. कारण खेळणारा खोलीच्या भिंती बघत नाही, तो तिथे काय करावं लागलं ते लक्षात ठेवतो. भिंत दोन टाइल डावीकडे सरकली आणि तरी शिडी चढून, उडी मारून, पेटीच उघडायची असेल, तर त्याच्यासाठी ती तीच खोली. मग आम्ही साचे गोठवले आणि दर लेव्हलला एक अशी गोष्ट घातली जी वागणंच बदलायला लावते. एका लेव्हलमध्ये पाणी हळूहळू चढतं, म्हणून वर जाणाऱ्या वाटा आधी शोधाव्या लागतात. एकीत दिवा सोबत न्यावा लागतो, म्हणजे एक हात अडकलेला. एकीत पहारेकरी झोपलेले असतात आणि पेटी उघडल्याच्या आवाजाने जागे होतात. साचे तेच, पण लोक ‘पाण्याची गुहा’, ‘झोपलेल्यांची गुहा’ असं नावाने बोलायला लागले. नाव पडलं की जागा वेगळी झाली असं मी समजते. तुमचे रिव्ह्यू पुन्हा वाचताना बघा, लोकांनी कोणत्या जागांना आपणहून नावं दिली आहेत. ज्यांना नावं मिळाली नाहीत त्या लेव्हल लापशीच्या आहेत.

तुमचा ऐंशी तासांवाला खेळाडूही इथेच कामाला येतो. त्याला नवं काय सापडतंय हे विचारा. तो बहुतेक नकाशांबद्दल बोलणार नाही, दोन वस्तू एकत्र आल्यावर काय झालं ते सांगेल: दोराला आग लागली आणि ती पुढे सरकत दारूच्या पिंपापर्यंत गेली, असलं काहीतरी. १९८७ पासून आजवर लोक ‘नेटहॅक’ खेळत आले आहेत त्यामागे अशा परस्परसंबंधांचं जाळं आहे. हे संबंध तुमच्या गेममध्ये आधीच असतील आणि दहाव्या तासापर्यंत कोणाला दिसतच नसतील, तर नवं काही न बनवता त्यातले दोन पहिल्या अर्ध्या तासात दिसतील असे आणून ठेवा. ‘तासाभरात सगळं पाहून झालं’ म्हणणाऱ्याला हेच उत्तर आहे.

पिक्सेल आर्टच्या टीकेत दोन वेगळी माणसं मिसळलेली असतात. एकाला ही धाटणीच नको असते, त्याला तुम्ही काही देऊ शकत नाही. दुसऱ्याला ती हवी असते आणि तुमच्याकडून तिचे नियम मोडले गेलेले असतात, फक्त त्याला ते शब्दांत सांगता येत नाही. जुन्या आठ-बिट निन्टेन्डोचा पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा होता, चित्रं ८ बाय ८ च्या टाइलांतून जुळवलेली, आणि एका आडव्या रेषेत आठपेक्षा जास्त स्प्राइट (पडद्यावर हलणारी छोटी चित्रं) दाखवता येत नसत. ही बंधनं तंतोतंत पाळायची गरज नाही, स्प्राइट लुकलुकायला लागलेले आज कोणालाच नको असतात. पण पात्राचा पिक्सेल मोठा, पार्श्वभूमीचा बारीक, आणि फिरवलेल्या तलवारीच्या कडा तिरप्या गुळगुळीत, असं झालं की डोळ्याला ते लगेच खटकतं. आळस हा शब्द तिथून येतो. एकच पिक्सेल-आकार ठेवा, फिरवायच्या वस्तूंची आठ दिशांची चित्रं हाताने काढा. आणि धोक्याचे रंग राखून ठेवा. काटे ज्या रंगाचे आहेत तो रंग सजावटीत कुठेच वापरायचा नाही. जनरेटर सजावट कुठेही टाकतो, त्यामुळे लाल फूल काट्याच्या बाजूला पडलं तर ‘दिसलंच नाही’ अशी तक्रार येणार.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, हाताने की जनरेटरने. माझं उत्तर: खोल्या हाताने, मांडणी जनरेटरने, आणि पहिली वीस मिनिटं जवळपास ठरलेली. २००८ चा मोफत ‘स्पेलंकी’ याच पद्धतीने चालतो. डेरेक यू यांनी लेव्हल चार बाय चार अशा सोळा चौकोनांची ठेवली. आधी वरच्या रांगेपासून खालच्या दारापर्यंत वाट आखली जाते, मग वाटेवरच्या चौकोनांत त्या वाटेला जुळणारे, हाताने काढलेले साचे बसतात, आणि शेवटी त्या साच्यांत थोडे फेरफार होतात. मुख्य वाटेने बॉम्ब किंवा दोर न वापरता उतरता येतं, आणि ते सामान लागतं ते वाटेबाहेरच्या लोभासाठी. २०११ च्या ‘द बाइंडिंग ऑफ आयझॅक’मध्येही खोल्या माणसाने मांडलेल्या आहेत, मजल्याची जुळणी तेवढी दर वेळी वेगळी. दोन्ही गेम लोक वर्षानुवर्षं खेळले. दुसऱ्या टोकाला १९९६ चा ‘डॅगरफॉल’ आहे. पंधरा हजारांहून जास्त वस्त्या, प्रचंड तळघरं, आणि शोधायची वस्तू त्या चक्रव्यूहात कुठेतरी. त्यावर जीव टाकणारे लोक आजही आहेत, पण त्या तळघरांत तासन्‌तास भटकून कंटाळलेलेही तितकेच भेटतात. तुमच्या गेममध्ये कुलूप आणि चावी आहे, म्हणून वाट आधी आखणं तुम्हाला आणखी गरजेचं: आधी कुलूप ठेवा, मग कुलपाच्या अलीकडच्या खोल्यांमधूनच चावीची जागा निवडा. उलटं केलंत की कधीतरी चावी कुलपाच्या पलीकडे जाणार. ते तपासायला एक साधा बॉट लिहा, जो नुसता दारापर्यंत पोहोचायचा प्रयत्न करतो, आणि रात्रभरात दहा हजार लेव्हल त्याच्याकडून चालवून घ्या. सकाळी जे सीड अडकलेले दिसतील ते आधी सोडवा, रिव्ह्यू नंतर.

काही मतं मनापासून वाचा आणि सोडून द्या. ‘मेल्यावर पहिल्यापासून सुरुवात नको’ म्हणणाऱ्याला दुसरा गेम हवा आहे. १९८० च्या ‘रोग’पासून या जातीच्या गेममध्ये मरण पक्कं असतं, आणि तो पक्केपणा काढला की नवा नकाशा मिळण्याला अर्थच उरत नाही. त्या माणसासाठी दुकानाच्या पानावर पहिल्याच ओळीत हे स्पष्ट लिहा. वाईट रिव्ह्यू कमी होतील आणि त्याचा वेळही वाचेल.

बदल करायला घ्याल तेव्हा जुना जनरेटर पुसू नका, आवृत्तीसकट जपून ठेवा. ‘माइनक्राफ्ट’च्या १.१८ आवृत्तीनंतर तोच सीड टाकला तरी वेगळाच भूप्रदेश यायला लागला, हे अनेकांना आठवत असेल. तुमच्या लोकांनी एकमेकांना दिलेले सीड एका अपडेटने निकामी झाले तर त्यांच्या जुन्या तक्रारीही तुम्हाला पुन्हा चालवून बघता येणार नाहीत.

आणि पुढच्या अपडेटमध्ये रोजचा एक नकाशा द्या: सगळ्यांना तोच सीड, दिवसाला एकच प्रयत्न. ‘स्पेलंकी’च्या पीसी आवृत्तीने २०१३ मध्ये हे केलं होतं. तुमच्याकडे जनरेटर तयार आहे, म्हणजे तारखेवरून सीड काढायचा आणि गुण नोंदवायचे, एवढंच काम. पहिल्या आठवड्यातच ‘आजच्या तिसऱ्या तळघरातला तो तुटका पूल’ अशी वाक्यं यायला लागतील, आणि त्या पुलावर चाळीस जण काय म्हणतात ते तुम्ही एकाच जागी उभं राहून वाचू शकाल.